जुन्या गॅसचा फ्रीज

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पण गल्लीत दुसऱ्या कुठल्याही नावाने त्याची चौकशी केली असती, तर लोकांनी 'इथे असं कोणी राहत नाही' म्हणून परत पाठवलं असतं. फ्रीज दुरुस्त करतो म्हणून थंडोबा. त्यात चाल संथ, बोलणं संथ, रागसुद्धा आधी तळाशी साचणार आणि मग सावकाश वर येणार, म्हणून दुप्पट थंडोबा. खाली त्याचं दुकान, वर दोन खोल्या. दुकानात उघडेबोडके फ्रीज पाठ फिरवून उभे असत आणि तो त्यांच्या मागे बुटक्या स्टुलावर बसून काम करत असे. रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त त्याचं टक्कल दिसे.

तो या धंद्यात आला तो उस्तादामुळे. शाळेत काही जमेना, तेव्हा वडिलांनी त्याला उस्तादाच्या हाती सोपवला. उस्ताद बुटका, जाडजूड, खिशात कायम पान्हा. पहिल्याच आठवड्यात त्याने पोराला शेजारी बसवलं, नळीतून थोडा गॅस सोडला आणि त्यासमोर पेटती काडी धरली. काडी विझली.

"बघितलंस?" उस्ताद म्हणाला. "हा गॅस म्हणजे साधू आहे. पेटत नाही, वास मारत नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. याच्या आधीचे गॅस कसे होते माहीत आहे? रात्री मशीन गळलं तर सकाळी घरातलं कोणी उठायचं नाही. आपण पुण्याचं काम करतो, समजलास?"

पोरगा समजला. त्यापुढची कित्येक वर्षं तो हे पुण्याचं काम करत राहिला. फ्रीज बिघडला की नळी कापायची, आतला उरलासुरला गॅस फुस्स करून सोडून द्यायचा, जोड मारायचा, नवा गॅस भरायचा. एकदा त्याने विचारलं होतं, "उस्ताद, हा सोडलेला जातो कुठे?"

"वर," उस्ताद म्हणाला. "आभाळ काय थोडं आहे?"

लग्नसुद्धा याच धंद्याने जमवलं. एका घरी फ्रीज बघायला गेला होता. मागची बाजू अंधारी, म्हणून घरातली मुलगी विजेरी घेऊन आली. आता विजेरी धरणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. माणसं स्वतःला जे बघायचं असतं तिकडे प्रकाश पाडतात. या मुलीने त्याला जे बघायचं होतं तिकडे पाडला आणि काम होईपर्यंत हात हलवला नाही. घरी येऊन त्याने आईला सांगितलं, आईने वडिलांना, आणि पुढच्या वर्षी ती मुलगी या वरच्या खोल्यांत राहायला आली.

तिच्यासाठी त्याने स्वतःच्या हाताने फ्रीज बनवला. सांगाडा एकाचा, कॉम्प्रेसर दुसऱ्याचा, दार तिसऱ्याचं. दाराचा पांढरा आणि अंगाचा पांढरा काही केल्या जुळेना. बायको म्हणाली, "राहू दे. माणसाचासुद्धा चेहरा आणि हातपाय कुठे एका रंगाचे असतात?" त्याने साधू गॅस भरला, नळीचं तोंड बंद केलं, आणि तो फ्रीज जो गुरगुरायला लागला तो पुढे त्यांची मुलगी जन्मली, शाळेत गेली, कॉलेजात गेली तरी चालूच होता. त्याला परत कधी पान्हा लावावा लागला नाही.

मुलगी तिसरी-चौथीत असेल, तेव्हा सगळ्या फ्रीजवाल्यांना एका सभागृहात बोलावलं. दोन दिवसांचं प्रशिक्षण, जेवण फुकट. सगळे जेवणासाठी गेले. व्यासपीठावर एका साहेबांनी पडद्यावर पृथ्वीचं चित्र दाखवलं. खालच्या टोकाला एक मोठा निळा डाग. साहेब म्हणाले, हा डाग म्हणजे भोक आहे. उन्हातला वाईट भाग अडवणारा थर आभाळात असतो, तो इथे विरला आहे. आणि तो कुणी विरवला? तुमच्या गॅसने. तुमच्या प्रत्येक फुस्सने.

मागच्या रांगेत कुणीतरी फुस्स शब्दावरून पोटातल्या गॅसचा विनोद केला आणि चार रांगा हसल्या. थंडोबा हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आपला स्वतःचा हात आला, नळी कापणारा. किती नळ्या? मोजदाद कोण ठेवणार?

घरी आल्यावर जेवताना त्याने बायकोला सांगितलं, "आम्ही आभाळाला भोक पाडलंय."

बायको आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अहो, तुमच्या हातून भिंतीत खिळ्याचं भोक सरळ पडत नाही. आभाळाला काय पाडताय!"

एरवी तोही हसला असता. पण त्या दिवशी त्याने ताट बाजूला सारलं. आयुष्यभर ज्याला साधू समजून घराघरात नेऊन बसवला, तो असा निघाला. कुणी केसाने गळा कापावा तसं त्याला वाटलं.

आणि मग थंडोबा बदलला. थंड माणूस तापला की लवकर निवत नाही. त्याने नवा गॅस भरायचं शिक्षण पूर्ण केलं, सर्टिफिकेट मिळवलं, जुना गॅस सोडून न देता सिलिंडरमध्ये ओढून घेणारं मशीन आणलं. बाकीचे फ्रीजवाले मशीन दुकानात झाकून ठेवत आणि नळ्या पूर्वीसारख्याच कापत. हा त्यांच्या दुकानांत जाऊन भांडून यायचा. पेंटरला बोलावून पाटीवर हिरवं पान काढून घेतलं, खाली 'पर्यावरणपूरक दुरुस्ती'. पानाचा देठ जरा लांब झाला, तेव्हा एका बाईंनी दुकानात डोकावून विचारलं, "मिरच्यापण ठेवता का हो?"

बाहेर इतकं, तर घरात विचारायला नको. खोलीतून बाहेर पडलं की दिवा बंद. पंखा अंगाला घाम फुटल्याशिवाय लागायचा नाही. धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी कुंडीला. आणि फ्रीज. फ्रीजचं दार उघडून बायको जरा विचार करत उभी राहिली की आतल्या खोलीतून त्याचा आवाज यायचा, "दार!" एवढा एकच शब्द. बायको सुरुवातीला चेष्टेवारी न्यायची. "उघडायच्या आधी अर्ज लिहून देऊ का तुम्हाला?" म्हणायची. नंतर ती काही म्हणेनाशी झाली. मुलगी बाप खाली दुकानात गेल्याची खात्री करून फ्रीजकडे जायची, आणि तेही चवड्यांवर.

तो वाईट माणूस नव्हता. कुणावर त्याने हात उगारला नाही, कुणाला उपाशी ठेवलं नाही. जे केलं ते साऱ्या जगाच्या भल्यासाठी करत होता, आणि म्हणूनच त्याला थांबवणं कुणालाच जमत नव्हतं. जगाचं भलं करणाऱ्या माणसाला 'मला जरा गरम होतंय' असं कुठल्या तोंडाने सांगणार?

बऱ्याच वर्षांनी पेपरात बातमी आली की आभाळातलं भोक भरून यायला लागलं आहे. त्याने ती जेवायच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवली. त्या भोकाला लागलेल्या ठिगळात आपलाही एक टाका आहे, असं त्याला वाटलं. बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं झालं. आता भाजी वाढू?"

पुढचं प्रशिक्षण झालं तेव्हा सभागृह नवीन होतं आणि साहेब तरुण. पडद्यावर पुन्हा पृथ्वी, या वेळी लालभडक. साहेब म्हणाले, आभाळाच्या भोकासाठी तुम्ही जो दुसरा गॅस घेतला, त्याने भोक पडत नाही हे खरं. पण तो पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो आणि तिला तापवतो. धुरापेक्षा हजारपटीने जास्त. आता तिसरा गॅस घ्या.

थंडोबाने हात वर केला. "साहेब, मागच्या वेळी याच गॅसला तुम्ही लोकांनी पर्यावरणपूरक म्हणून सर्टिफिकेट दिलं होतं. माझ्या भिंतीवर आहे."

"तेव्हा ते बरोबर होतं काका," साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. "आता हे बरोबर आहे."

"आणि हा तिसरा कसा आहे?"

"उत्तम. फक्त एकच काळजी घ्यायची. हा पेटतो. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊच आहे."

उस्ताद तोवर वारला होता. नाहीतर थंडोबा तडक त्याच्याकडे गेला असता आणि म्हणाला असता, उस्ताद, जो पेटत नाही तो पुण्यवान म्हणून तुम्ही शिकवलंत. आता जो पेटतो तो पुण्यवान झालाय. पण सांगायला उरली होती फक्त बायको. तो घरी आला तेव्हा ती बॅग भरत होती. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती आणि तिचं बाळंतपण जवळ आलं होतं. थंडोबाने पलंगाच्या कडेवर बसून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. गोधडी, हजारपट, तिसरा गॅस.

"माझी निळी शाल बघितलीत का?" बायकोने विचारलं.

"अगं, मी काय सांगतोय?"

"ऐकतेय ना. आता पेटतो तो चांगला." तिने साडीची घडी घातली. "शाल कपाटावर असेल. जरा काढून द्या."

त्याने शाल काढून दिली. ती दोन महिन्यांसाठी गेली.

दोन महिने झाले. मग नात सहा महिन्यांची होईपर्यंत थांबते म्हणाली. मग मुलीची नोकरी परत सुरू झाली, तेव्हा पोरीकडे कोण बघणार? मग दुसरं मूल. मग गुडघा. त्या इमारतीला लिफ्ट होती आणि इथे जिना, इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे फिरायचं. प्रत्येक कारण खरं होतं. भांडण असं कधी झालंच नाही. गल्लीतले विचारायचे, "काय, वहिनी कधी येणार?" तो म्हणायचा, "येईल आता." एक दिवस त्याच्या लक्षात आलं की हल्ली कुणी विचारत नाही.

ती अधूनमधून येऊन जायची, पाहुण्यासारखी. फोन मात्र ठरलेल्या दिवशी करायची. तो आपलं सगळं सांगायचा. ती हं म्हणायची. मागे मुलांचा गलका असायचा.

दुकानही हळूहळू बसलं. नवे फ्रीज असे येऊ लागले की त्यांना हात लावायला कंपनीचाच माणूस लागे, आणि तो यायचा तो नवा घ्या म्हणून सांगायलाच. शेवटी थंडोबाने दुकानाला कुलूप घातलं आणि गावाबाहेरच्या संकलन केंद्रात नोकरी धरली. सरकारने योजना काढली होती: जुना फ्रीज द्या, कमी वीज खाणारा नवा स्वस्तात घ्या. गोळा झालेले जुने या केंद्रात येत. मोठी पत्र्याची शेड, आणि त्यात रांगाच्या रांगा. कुणाच्या दाराला दोरी बांधलेली, कुणावर मुलांनी चिकटवलेली चित्रं, कुणाच्या आत अजून कोथिंबिरीची सुकलेली काडी. शेडमध्ये शिरलं की शंभर घरांच्या स्वयंपाकघरांचा वास एकदम अंगावर येई. थंडोबाचं काम सोपं होतं. नळीला सुई टोचायची, गॅस सिलिंडरमध्ये ओढायचा, फ्रीजवर खडूने फुली मारायची. मग तो चिरडायला जाई.

पहिल्याच आठवड्यात त्याने एका फ्रीजला हात लावून बघितलं आणि केंद्राच्या साहेबाला हाक मारली. "साहेब, याचं काहीच गेलेलं नाही. दाराचं रबर बदललं की दहा वर्षं चालेल."

"चालतो म्हणूनच तर आणलाय काका," साहेब म्हणाला. "बंद पडलेला कुठे वीज खातो? चालणारा जुना हाच खरा त्रास. मारा फुली."

त्याने फुली मारली. आयुष्यभर मेलेले फ्रीज जिवंत केले, आता जिवंत होते ते मारायचे. पण हेच आता बरोबर होतं, आणि बरोबर काय ते कळल्यावर त्याप्रमाणे वागायचं, याची त्याला सवय होती.

त्याच सुमारास त्याच्याकडे एक चष्मेवाली मुलगी आली. तिचा दहा-पंधरा जणांचा गट होता. म्हणाली, "काका, लोक वस्तू फेकून देतात तोच पर्यावरणाचा सगळ्यात मोठा शत्रू. आम्ही रविवारी दुरुस्ती मेळा भरवतोय. तुमच्यासारखी माणसं हवीत."

"पण मी आता दुरुस्ती करत नाही. मोडीत काढतो."

"म्हणूनच या," ती म्हणाली.

तो गेला. धुतलेला शर्ट घातला, हत्यारांची पेटी घेतली. सभागृहात एका बाईच्या टेबलापुढे छत्र्यांची रांग लागली होती, दुसरा एकजण इस्त्र्या उघडत होता, तिसरा घड्याळं. थंडोबाच्या टेबलावर सुंदर अक्षरात 'फ्रीज' असं लिहून ठेवलं होतं. सकाळपासून दुपारपर्यंत त्याच्याकडे एकही माणूस आला नाही. येणार कसा? रविवारी सकाळी फ्रीज पाठीवर टाकून सभागृहात कोण येणार आहे? हे चष्मेवालीच्याही लक्षात आलं नव्हतं आणि त्याच्याही. छत्रीवाली बाई मधेच म्हणाली, "तुम्ही मोकळेच आहात तर जरा हा दांडा धरता का?" तो दांडा धरून बसला.

दुपारी चष्मेवालीने त्याला दोन शब्द बोलायला उभं केलं. बोलायला काही सुचेना, तेव्हा तो म्हणाला, "माझ्या घरचा फ्रीज मी लग्नाच्या वेळी बनवलाय. अजून चालतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी वेळ वाजवल्या. चष्मेवाली म्हणाली, आम्ही फोटो काढायला येणार, असा फ्रीज तर लोकांना दाखवायला हवा.

घरी आल्यावर तो फ्रीजसमोर उभा राहिला. केंद्रात टांगलेल्या तक्त्याप्रमाणे हा फ्रीज नव्यापेक्षा तिप्पट वीज खात होता आणि त्याच्या पोटात तोच आभाळाला भोक पाडणारा पहिला गॅस होता. मेळ्याच्या लोकांप्रमाणे तो आदर्श होता. एकाच फ्रीजला एका दारी हार आणि दुसऱ्या दारी जोडे. आजवर प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन त्याला बरोबर काय ते सांगत आलं होतं. या वेळी दोघं एकदम आले होते, आणि दोघंही खोटं बोलत नव्हते.

फोटो काढायला ते लोक येण्याआधी बायको आली. तिची थोरली बहीण याच शहरात आजारी होती, म्हणून चार दिवसांसाठी. दिवसभर बहिणीकडे आणि मुक्कामाला घरी. चहा करायला उठली तेव्हा तिने विचारलं, "साखर कुठे ठेवता हल्ली?" आपल्याच स्वयंपाकघरात आपल्या बायकोला साखर दाखवताना थंडोबाला कसंसंच झालं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बहिणीकडून लवकर आली. फ्रीज उघडून उभी राहिली. आत दुधाची एक पिशवी, अर्धा कांदा आणि दोन अंडी. बाकी सगळा रिकामा उजेड.

"दा..." थंडोबाच्या तोंडून निघालं आणि तो गप्प झाला.

बायकोने दार लावलं. हळूच. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"एक सांगू? रागावणार नसलात तर."

"सांग."

"मी तिथे बाळंतपणाला गेले. हे खरंच आहे. राहिले का, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"पोरं होती. गुडघा होता."

"होता ना. पण पहिल्या आठवड्यात एकदा दुपारी मी तिथला फ्रीज उघडून उभी राहिले. काय घ्यायचं तेच सुचेना. उभी राहिले, उभी राहिले. आणि कुणी काही बोललं नाही. मला रडू आलं हो. लेक घाबरली, म्हणाली आई, काय दुखतंय? आता तिला काय सांगू?"



"तुम्ही चुकीचं कधीच बोलला नाहीत," बायको म्हणाली. "तेच तर. भोक पडलं म्हणालात, पडलंच होतं. भरलं म्हणालात, भरलं. दर वेळी तुमचंच खरं. पण मला त्या खरेपणाची थंडी वाजायला लागली. तुम्हाला सगळ्या जगाचं कळत होतं. मला उकडतंय की नाही ते कळत नव्हतं."

"तू सांगितलं असतंस तर..."

"सांगितलं होतं. चेष्टेत सांगितलं होतं. तुम्ही चेष्टा समजलात."

फ्रीजचा कॉम्प्रेसर धडधडत चालू झाला. दोघांनी तिकडे पाहिलं.

"तुझा म्हणून ठेवलाय मी तो," थंडोबा म्हणाला.

"माहीत आहे मला." तिने फ्रीजवरची नजर काढली. मग म्हणाली, "पण तो फ्रीज चालतोय म्हणून तुम्हाला वाटतंय की घर चालतंय. तसं नाहीये हो ते."

त्याने विचारलं, "परत येतेस का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. ती नाही म्हणाली नाही. फक्त हात पुढे करून त्याच्या बाहीला लागलेला खडू झटकला. त्याला उत्तर कळलं.

दुसऱ्या दिवशी तो तिला बसवर सोडायला गेला. खिडकीतून ती म्हणाली, "तुम्ही या तिकडे. मुलं विचारतात." बस हलेपर्यंत तो उभा राहिला. बस हलल्यावरही राहिला, कारण घरी जायची घाई नव्हती.

रविवारी दुपारी त्याने केंद्रातून मशीन आणलं, फ्रीज भिंतीपासून ओढला आणि विजेरी दातात धरून मागे बसला. नळीला सुई टोचली. आपण हे पर्यावरणासाठी करतोय की कशासाठी, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. गॅस मशीनमध्ये ओढला जात असताना नळी हाताला गार लागली. काम झालं, काटा खाली आला, त्याने मशीन बंद केलं आणि सवयीने खिशातला खडू काढला. मग परत ठेवला. या फ्रीजवर फुली त्याच्याने मारवेना. दोन हमाल बोलावले. जिन्याचा कठडा काढावा लागला. केंद्रात साहेबाने फ्रीज पाहून विचारलं, "कुणाकडून आणलात काका?"

"एक घर रिकामं झालं, तिकडून," तो म्हणाला.

घरात शांतता झाली. ती किती असते याचा त्याला अंदाज नव्हता. जेवायला बसलं की घास चावल्याचा आवाज येई. शेजारच्या खोलीत कुणी आहे असं इतकी वर्षं जे वाटायचं, ते कुणी म्हणजे तो फ्रीज होता, हे त्याला आता कळलं. नवा फ्रीज घेणं त्याला अवघड नव्हतं, केंद्रातल्या माणसाला तर आणखी स्वस्तात मिळाला असता. पण त्याने घेतला नाही. एकट्याला लागतं किती?

चष्मेवाली कॅमेरा घेऊन आली, तेव्हा स्वयंपाकघरात फरशीवर एक चौकोन तेवढा स्वच्छ होता. आधी ती हिरमुसली. मग त्याला फ्रीजच नाही म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. "म्हणजे फ्रीजशिवाय राहता तुम्ही? फ्रीज दुरुस्त करणारा माणूस? काका, याच्याइतकं पर्यावरणपूरक काय असेल? मी यावर लिहिते."

"नको," थंडोबा म्हणाला. "पर्यावरणपूरक वगैरे नाही हो. मी एकटा आहे, एवढंच."

तिने कॅमेरा पिशवीत घातला. जाण्याऐवजी ती खाली बसली आणि चहा घेते का विचारल्यावर हो म्हणाली. दूध नव्हतं, म्हणून त्याने काळा चहा केला. ती काही न लिहिता तासभर बसली आणि आपल्या आजोबांबद्दल काहीबाही सांगत राहिली. नंतर मात्र ती फारशी फिरकली नाही. तिची कामं होती.

फ्रीज नसला की दूध रोज आणावं लागतं. पूर्वी तो एकदम तीन दिवसांचं आणायचा. आता रोज कोपऱ्यावरच्या दुकानात जायला लागला. दुकानवालीने आठवडाभर पाहिलं आणि एक दिवस विचारलं, "काय हो, तुमचाच फ्रीज बिघडला वाटतं? दिव्याखाली अंधार!" तो हसला. तिथे त्याला दोन-तीन ओळखीचे भेटू लागले. बोलणं भाजीच्या भावाचं, पाण्याचं, कुणाच्या पाठदुखीचं. तेवढं बोलून तो परत येई.

एकदा भर दुपारी, फोनचा दिवस नसताना, त्याने स्वतःहून बायकोला फोन लावला. ती घाबरली. "काय झालं? बरं आहे ना?"

"काही झालं नाही. तुझी बहीण कशी आहे?"

"बरी आहे आता. तुम्ही जेवलात?"

"जेवलो. तू काय करत होतीस?"

"मी? काही नाही. मटार सोलत होते."

"मग सोल. मी धरतो फोन."

मग तिने फोन बहुतेक ओट्यावर ठेवला. थंडोबाला शेंगा फुटल्याचा आवाज येऊ लागला. मधेच नातीने काहीतरी मागितलं, बायकोने तिला काहीतरी सांगितलं, कुठेतरी नळ सुटला. तो ऐकत राहिला. आपल्याकडचं काही सांगावं असं त्याला त्या दिवशी वाटलं नाही.

पुढे ते असंच चाललं. वर्षातून दोनदा तो तिकडे जातो, आठवडाभर राहतो, मुलांची खेळणी दुरुस्त करतो आणि परत येतो. कायमचे या, असं अजून कुणी म्हटलेलं नाही, आणि त्यानेही विचारलेलं नाही. मागच्या खेपेला निघताना बायको त्याच्याबरोबर खाली आली. लिफ्टमध्ये दोघंच होते. तिने त्याच्या पिशवीत मटार ठेवले होते, सोललेले. म्हणाली, "टिकायचे नाहीत तुमच्याकडे. गेल्या गेल्या करून खा."

घरी पोहोचेपर्यंत दिवस मावळत आला होता. त्याने दिवा लावला, पातेलं ठेवलं आणि सगळे मटार एकदम शिजवले. एका माणसाला ते फार झाले. उरलेले वाटीत घालून, वर ताटली झाकून, तो जिना उतरला आणि दुकानवालीचं दुकान बंद व्हायच्या आत तिला नेऊन दिले.